यीस्टमधला जुना ध्रुव आईला सोडून कळीतच का जातो?

केतकी_जे

पेशींच्या वार्धक्यावरच्या धाग्यात ‘निशाचर’ यांनी विचारलं होतं की यीस्टची पेशी विभागताना जुनं सामान आई ठेवते आणि लेक कोरी जन्माला येते, हे सगळ्याच भागांना लागू पडतं का? नाही पडत. एक ठळक अपवाद आहे, गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंच्या टोकाचा, म्हणजे शीर्षकातल्या ‘ध्रुवा’चा, आणि तो मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही. उत्तर लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढते.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथे यीस्ट म्हणजे पावाचं नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. शाळेत आपण ‘मुकुलायन’ शिकलो ते हेच. पेशीच्या अंगावर एक कळी येते, वाढते, केंद्रकाचा अर्धा भाग तिच्यात जातो आणि ती सुटी होते. पोषक द्रावणात ३० अंश सेल्सियसला ही फेरी साधारण ९० मिनिटांची. आई कोण आणि लेक कोण, हे सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतं. म्हणूनच असमान विभाजनाचा अभ्यास करायला यीस्ट इतकं सोयीचं पडतं.

१९५९ साली मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी एकेक आई पेशी घेऊन तिची प्रत्येक कळी सुईने बाजूला सारत मोजणी केली. आईला सरासरी वीस-पंचवीस लेकी होतात, मग ती थांबते. लेक मात्र आईचं वय घेऊन येत नाही, तिची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पुढे कळत गेलं की गुठळ्या झालेली, ऑक्सिडेशनने खराब झालेली प्रथिनं बहुतांशी आईकडेच अडकून राहतात. राइबोसोमच्या जनुकांपासून सुटलेली डीएनएची वर्तुळंही आईतच साठतात. ती वर्तुळं सिंक्लेअर आणि ग्वारांटे यांनी १९९७ मध्ये दाखवली.

आता अपवाद. गुणसूत्रं ओढून दोन बाजूंना नेणारे तर्कूतंतू दोन टोकांना बांधलेले असतात. आपल्या पेशींत त्या टोकांना सेंट्रोसोम असतो. यीस्टमध्ये त्या जागी केंद्रकाच्या आवरणात रुतलेली एक थरांची चकती असते. तिचं नाव स्पिंडल पोल बॉडी, थोडक्यात एसपीबी. मी इथे सरळ ‘ध्रुव’ म्हणेन. पेशी पाचेक मायक्रॉनची, तर हा ध्रुव जेमतेम १०० नॅनोमीटरचा. यीस्टमध्ये विभाजनाच्या वेळी केंद्रकाचं आवरण फुटत नाही. त्यामुळे ध्रुवाची आतली बाजू गुणसूत्रांकडे जाणाऱ्या सूक्ष्मनलिका (तर्कूतंतू त्यांचेच बनलेले) धरते आणि बाहेरची बाजू पेशीद्रवात जाणाऱ्या. या बाहेरच्या नलिका लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर चालते.

प्रत्येक फेरीत एका ध्रुवाचे दोन होतात, पण जुना अर्धा कापून नव्हे. जुना जसाच्या तसा राहतो. त्याला चिकटून एक छोटा पूल असतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला बाहेरच्या अंगाने एक ठिपका तयार होतो. तो वाढत चकतीएवढा होतो आणि जुन्याच्या शेजारी आवरणात रुततो. म्हणजे पेशीत एक खरोखर जुना ध्रुव असतो आणि एक खरोखर नवा. मग दोघं वेगळे होऊन समोरासमोर जातात आणि मध्ये तर्कू उभा राहतो.

यातला कोणता कळीत जातो? २००१ मध्ये परेरा, तनाका, नॅस्मिथ आणि शीबेल यांनी ते दाखवलं. त्यांनी एसपीसी-४२ या ध्रुवाच्या गाभ्यातल्या प्रथिनाला लाल चमकणारं प्रथिन जोडलं. हे लाल प्रथिन फार सावकाश पिकतं. तयार झालं तरी चमकायला वेळ लावतं. त्यामुळे आधीच्या फेरीतला ध्रुव लालभडक दिसतो आणि आत्ताच बांधलेला फिका. वेगळी खूण करायची गरजच नाही, वय आपोआप रंगात उतरतं. चित्रं बघितली की जवळजवळ प्रत्येक पेशीत तेच: भडक ठिपका कळीच्या आत, फिका ठिपका आईत. शंभरात सुमारे ९५ वेळा जुना ध्रुव कळीत.

सगळं जुनं आईकडे ठेवणारी पेशी हा एक जुना भाग आवर्जून लेकीला देते. ती हे कसं करते, हे बऱ्यापैकी कळलंय. का करते, याचं उत्तर आत्ता कुठे हाती येऊ लागलंय.

---

निशाचर

वेगळा धागा काढलात, बरं झालं. पण ‘कसं करते’ यात कोडं काय आहे? जुना ध्रुव आधीपासून तिथे आहे, त्याच्या बाहेरच्या नलिका आधीच पसरलेल्या आहेत. कळी उगवली की त्या तिच्यापर्यंत आधी पोचणार. नव्याला नलिका फुटेपर्यंत जागा गेलेली. हे आपोआप होतंय, पेशीने काही ठरवायची गरजच काय?

---

सावनी

मला निशाचर यांचं पटलं. आमच्या गावाकडे असतं तसं. आईने नवं घर बांधलं की ती त्यात राहायला जाते आणि जुनं राहतं घर लेकीला देते. जुन्या घराला वीज, नळ सगळं आधीच जोडलेलं, लेकीला लगेच संसार थाटता येतो. नव्या घराची जोडणी आईने सावकाश करून घ्यावी.

---

केतकी_जे

सावनी, उपमा चांगली आहे. तीच धरून निशाचर यांना उत्तर देते.

२००१ च्या त्याच कामात हा प्रश्न तपासलाय. पेशींना थोडा वेळ नोकोडाझोल दिलं. या औषधाने सूक्ष्मनलिका विरघळतात. म्हणजे दोन्ही घरांची वीज-पाण्याची जोडणी एकदम तोडली. मग औषध धुऊन टाकलं आणि दोघांना पुन्हा नलिका उगवू दिल्या. आता जुन्याची आघाडी संपली. निकाल असा आला की कधी जुना कळीत, कधी नवा. वाटणी जवळजवळ नाणेफेकीवर आली.

म्हणजे निशाचर, तुमचं बरंचसं बरोबर आहे. नवा ध्रुव कळीत जायला मुळात नालायक नाही. संधी मिळाली की तोही जातो आणि ती पेशी पुढे जगते. जुन्याची आघाडी महत्त्वाची आहे. ती आघाडी कुठून येते, हे केंब्रिजच्या मारिसा सेगल यांच्या गटाने २०१३ मध्ये जवळून पाहिलं. ध्रुवाच्या बाहेरच्या थरात एसपीसी-७२ नावाचं प्रथिन असतं, नलिकांचं बी ते धरून ठेवतं. जुन्या ध्रुवावर ते आधीपासून असतं, नव्यावर उशिरा येतं. दोघांना ते एकाच वेळी मिळेल अशी व्यवस्था केली की वय ओळखून होणारी वाटणी बिघडते.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी धागा काढला नसता. एवढ्या आघाडीवर शंभरात ९५ हा आकडा टिकत नाही. तर्कू उभा राहिल्यावर तो बराच वेळ कळीच्या तोंडाशी हलत असतो. त्या वेळात नव्या ध्रुवालाही नलिका फुटलेल्या असतात आणि त्याही कळीकडे जाऊ शकतात. तरी जुना आपली जागा सोडत नाही. तो कशाच्या जोरावर, ते कार-९ मुळे कळलं.

कार-९ हे एक मधलं प्रथिन आहे. एका बाजूने ते बिम-१ मार्फत सूक्ष्मनलिकेच्या टोकाला बसतं, दुसऱ्या बाजूने मायो-२ या चालत्या मायोसिनला, म्हणजे सामान ओढून नेणाऱ्या मोटर प्रथिनाला, धरतं. मायो-२ ॲक्टिनच्या दोऱ्यांवरून कळीकडे चालत जातो. ते दोरे कळीकडेच वळलेले असतात, कारण वाढीचं सगळं सामान त्यांच्यावरूनच जात असतं. म्हणजे ज्या नलिकेच्या टोकाला कार-९ बसेल ती नलिका कळीत ओढली जाणार, आणि तिच्या मुळाशी असलेला ध्रुवही.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात इव्ह बराल यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की कार-९ दोन्ही ध्रुवांवर सारखं बसत नाही. चमकणारं कार-९ असलेली पेशी पाहिली तर तर्कूच्या एकाच बाजूला उजळ ठिपका आणि तिथून कळीत जाणारी एक रेघ दिसते. दुसरी बाजू अंधारी. दोन्ही बाजूंना कार-९ बसलं तर दोन्ही ध्रुव कळीकडेच ओढले जातील आणि तर्कू आडवा पडेल. हे टाळण्यासाठी सीडीसी-२८ हा किनेझ (दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं प्रथिन), त्याच्या क्लब-४ या साथीदारासह, कार-९ वर फॉस्फेट चढवतो. त्या फॉस्फेटमुळे ते एकाच बाजूला जमतं.

आता गंमत. ही सीडीसी-२८ ची यंत्रणा ‘एकाच बाजूला’ एवढंच पाहते. कोणत्या बाजूला, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. वय तिला कळत नाही. वय सांगणारी व्यवस्था वेगळी आहे. त्यावर उद्या लिहिते, आत्ता प्रयोगशाळेत जायचंय.

---

मास्तर_नगर

केतकीताई, मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पुस्तकात ‘प्राणीपेशीत सेंट्रोसोम असतो, वनस्पतीपेशीत नसतो’ असं एक वाक्य असतं. मुलं विचारतात, सर, मग बुरशीचं काय? मी आजवर ‘तिच्यात वेगळी रचना असते’ एवढंच सांगत आलोय. तुमच्या ध्रुवाला सेंट्रोसोम म्हणायचं की नाही?

---

केतकी_जे

मास्तर, मुलांना सांगा की दिसायला वेगळा, कामाला तोच. सेंट्रोसोममध्ये सेंट्रिओलची जोडी असते, नळकांड्यासारखी. यीस्टच्या ध्रुवात सेंट्रिओल नाही, नुसते थर आहेत. पण दोघांच्या गाभ्यातली काही प्रथिनं नात्यातली आहेत. नलिकांचं बी म्हणजे गॅमा-ट्युब्युलिन दोघांकडे. पुलाच्या कामाला सेंट्रिन दोघांकडे. ध्रुवावर नड-१ नावाचं एक प्रथिन असतं, त्याच्याबद्दल पुढे लिहीनच; त्याचा आपल्यातला भाऊबंद म्हणजे सेंट्रिओलिन. वनस्पती सेंट्रोसोम किंवा असा ध्रुव नसतानाही तर्कू बांधतात, त्यांची रीत निराळीच. त्यामुळे ‘प्राणी विरुद्ध वनस्पती’ या दोनच खणांत बुरशी बसत नाही, एवढं मुलांना कळलं तरी खूप झालं.

---

डिचोलीकर

विषय डोक्यावरून जातोय, पण वाचतोय. आमच्याकडे गोव्यात जुने पोदेर (पाव भाजणारे) पावाचं पीठ सुर घालून आंबवायचे. माडाची ताडी. आता बहुतेक ठिकाणी बाजारातलं यीस्ट. त्या सुरेतलं यीस्ट हेच का?

---

केतकी_जे

डिचोलीकर, हो. ताडीत अनेक प्रकारचे यीस्ट आणि जिवाणू एकत्र असतात, पण पीठ फुगवणाऱ्यांत सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हा मुख्य. म्हणजे तुमच्या आजोबांच्या पावात रोज कोट्यवधी जुने ध्रुव कळ्यांत जात होते.

---

विदर्भवासी

एक शंका. जरा हिशोब करून पाहिला. आई पहिल्या विभाजनात जुना ध्रुव लेकीला देते आणि नवा स्वतःकडे ठेवते. दुसऱ्या फेरीत तो ठेवलेला ध्रुव ‘जुना’ ठरणार, कारण त्याच्या शेजारी आणखी नवा बनणार. मग तोही दुसऱ्या लेकीला जाणार. म्हणजे पंचवीस लेकींची म्हातारी झाली तरी आईकडचा ध्रुव जास्तीत जास्त एका फेरीपूर्वीचाच? हे बरोबर आहे का, की माझं काही चुकतंय?

---

केतकी_जे

विदर्भवासी, अगदी बरोबर. फार थोड्या लोकांच्या हे लगेच लक्षात येतं.

आई जसजशी म्हातारी होते, तिच्याकडचा ध्रुव तसा म्हातारा होत नाही. तिच्या विसाव्या लेकीला जो ‘जुना’ ध्रुव मिळतो तो आईने एकोणिसाव्या लेकीच्या वेळी बांधलेला असतो. तिच्या पहिल्या लेकीला मिळालेला ध्रुव मात्र आईला तिच्या आईकडून आलेला. त्या लेकीने पहिली कळी काढली की तो तिच्याकडून पुढे. म्हणजे थोरल्या लेकींची साखळी धरून पुढे गेलात, पहिल्या लेकीची पहिली लेक, तिची पहिली लेक, तर वसाहतीतला सगळ्यात पुरातन ध्रुव नेहमी नुकत्याच जन्मलेल्या पेशीत सापडेल.

अर्थात हे ९५ टक्क्यांच्या हिशोबाने. साखळी वीस पिढ्या सलग न तुटता टिकायची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. दर पिढीत थोडी गळती होतेच.

म्हणून ‘जुना’ हा शब्द जपून वाचायला हवा. पेशीला ध्रुवाचं वय वर्षांत किंवा पिढ्यांत मोजता येत नाही. तिला फक्त एवढंच ओळखायचं असतं: हा ध्रुव आधीच्या फेरीतून आलाय की याच फेरीत बांधलाय. आता ती ते कसं ओळखते यावर येते.

२०१२ मध्ये बराल यांच्याच गटाने दाखवलं की ध्रुवावरचं नड-१ हे प्रथिन आणि त्याच्यावर उभी असलेली ‘मायटोटिक एक्झिट नेटवर्क’ नावाची संदेशसाखळी यात गुंतलेली आहे. ही साखळी मुळात विभाजनाच्या शेवटी ‘आता पुरे, पेशी मोकळ्या करा’ हा निरोप देण्यासाठी प्रसिद्ध. पण तिच्या टोकाचे डीबीएफ-२ आणि डीबीएफ-२० हे किनेझ त्याआधी, मेटाफेज या विभाजनाच्या मधल्या टप्प्यातच, कार-९ वर आणखी फॉस्फेट चढवतात. ही साखळी बंद केली तर कार-९ एका बाजूला जमतं खरं, पण तिथे टिकत नाही. या ध्रुवावरून त्या ध्रुवावर जातं, परत येतं. जुन्याचा मान उरत नाही. सीडीसी-२८ बाजू निवडायला लावतो आणि ही साखळी ती निवड जुन्याकडे झुकवून तिथे पक्की करते, अशी दोन टप्प्यांची वाटणी.

मग नड-१ ला तरी कसं कळतं की आपण जुन्या ध्रुवावर बसलोय? त्याचं उत्तर २०१७ मध्ये आलं. स्वी-१ नावाचा किनेझ नड-१ वर खूण करतो, फॉस्फेटचीच. इथे वेळेला फार महत्त्व आहे. आधीच्या फेरीत जन्मलेला ध्रुव नव्या फेरीत ‘आधीचा’ होत असतो, तेव्हा स्वी-१ त्याला खूण करतो. आणि नव्या ध्रुवाची बांधणी होते तोवर स्वी-१ निकामी झालेला असतो. म्हणून नव्यावर खूण होतच नाही. एकदा केलेली खूण पुढच्या विभाजनांत पुसली जाऊ नये याची काळजी किन-३ नावाचा आणखी एक किनेझ आणि एनयूए-४ हे ॲसिटिल गट चढवणारं संकुल घेतं. खूण असलेल्या ध्रुवावर बीएफए-१ आणि बब-२ ही जोडी बसते आणि कार-९ ला तिकडे वळवते.

मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. ‘नवा’ अशी खूण कुठेच नाही. खूण फक्त एका ठरावीक वेळात करता येते आणि नवा ध्रुव ती वेळ टळल्यावर जन्मतो. पेशीने वय साठवलंय ते वेळेच्या रूपात.

---

निशाचर

हे वाचून पुन्हा मूळ प्रश्नावर येतो. आघाडी आहे, खूणही आहे. मग दोन्हींपैकी खरं कारण कोणतं?

---

केतकी_जे

निशाचर, यावर या क्षेत्रातली माणसंही एकमताची नाहीत. सेगल यांचा कल ध्रुवाच्या इतिहासातून येणाऱ्या आघाडीकडे. जुना नलिका घेऊन येतो, नवा उशिरा सुरू करतो, त्यातूनच ओळख आणि नियती जोडली जाते. बराल यांच्या गटाने २०१८ मध्ये मांडलं की नुसत्या अपक्वपणातून बाहेरच्या नलिकांची असमानता निघत नाही, पेशीतल्या जागेच्या खुणा ती ठरवतात.

माझं मत सांगते. नोकोडाझोलचा प्रयोग आघाडीच्या बाजूने बोलतो हे खरं. पण आघाडीच सगळं करत असेल तर स्वी-१ किंवा डीबीएफ-२ काढल्यावर वाटणी बिघडायला नको होती. त्या पेशींत नलिका आहेत, आघाडीही आहे, तरी कार-९ भटकतं. म्हणून मला वाटतं, आघाडी सुरुवातीचा कल देते आणि खूण तो कल तर्कू डोलत असतानाही टिकवून धरते. एक काढलं की दुसऱ्यावर भार येतो आणि आकडा घसरतो. ९५ टक्के अचूकता एका यंत्रणेवर उभी असेल असं मला तरी वाटत नाही.

---

सावनी

आणि चुकलंच तर? म्हणजे तर्कू कळीत गेलाच नाही, आईतच लांब झाला, तर दोन्ही केंद्रकं आईत आणि कळी रिकामी. मग?

---

केतकी_जे

सावनी, तिथे पेशी थांबते. फार चोख व्यवस्था आहे.

मघाशी सांगितलेली बीएफए-१ आणि बब-२ ही जोडी टेम-१ नावाच्या स्विचवर बसून तो बंद ठेवते. टेम-१ चालू झाल्याशिवाय विभाजन पुरं होत नाही. आईच्या पेशीत किन-४ नावाचा किनेझ आहे, तो या जोडीचं संरक्षण करतो, म्हणजे स्विच बंदच राहतो. कळीत किन-४ चं काही चालू न देणारं एलटीई-१ नावाचं प्रथिन आहे. ध्रुव कळीत शिरला की किन-४ च्या हद्दीतून बाहेर पडतो आणि निरोप सुटतो. दोन्ही ध्रुव आईतच असतील तर दोन्ही किन-४ च्या हद्दीत, पेशी वाट बघत राहते. तोवर डायनीन ही दुसरी मोटर आईच्या आणि कळीच्या भिंतींवरून नलिका खेचून तर्कू सरळ करायचा प्रयत्न करत असते. कार-९ नसेल तरी पेशी डायनीनवर निभावते, डायनीन नसेल तर कार-९ वर. दोन्ही काढलं तर मरते.

बघा, जो ध्रुव कळीत जायचा तोच निरोपही घेऊन जातो. वाटणीचं आणि निरोपाचं सामान एकाच ठिकाणी ठेवलेलं आहे.

---

अनघा_म

मी मूलपेशींवर थोडंफार वाचते. माणसाच्या बाबतीत याचा काही संबंध? की हे यीस्टपुरतंच?

---

केतकी_जे

अनघाताई, यीस्टपुरतं अजिबात नाही, पण दिशा मात्र ठिकठिकाणी बदलते.

फळमाशीच्या नराच्या वृषणात मूलपेशी विभागते तेव्हा जुना सेंट्रोसोम मूलपेशीकडेच राहतो आणि नवा पुढे विशिष्ट काम घेणारी पेशी बनणाऱ्या लेकीकडे जातो. हे युकिको यामाशिता आणि मार्गारेट फुलर यांनी २००७ मध्ये दाखवलं. त्याच माशीच्या चेतापेशी घडवणाऱ्या मूलपेशींत उलट: त्या नवा सेंट्रोसोम ठेवतात, जुना लेकीला जातो. उंदराच्या वाढत्या मेंदूत २००९ मध्ये दिसलं की जुना सेंट्रिओल असलेला सेंट्रोसोम ज्या पेशीला मिळतो ती जनक पेशी म्हणून जागेवरच राहते. ही वाटणी बिघडवली की जनक पेशींचा साठा लवकर आटतो. आणि ज्या पेशीला जुना सेंट्रिओल मिळतो तिच्यावर प्राथमिक सिलियम, म्हणजे केसासारखा एक संवेदक तंतू, आधी उगवतो. म्हणजे बाहेरचे संदेश ऐकायला ती आधी तयार होते. सख्ख्या बहिणींत एवढा फरक पुढच्या नियतीला पुरेसा ठरू शकतो.

विभागून दोन सारखे भाग करणाऱ्या यीस्टमध्येही, म्हणजे शायझोसॅकरोमायसिस पोंबेमध्ये, दोन ध्रुव सारखे नसतात. तिथे पेशी तोडण्याचा संदेश नव्या ध्रुवावर जागा होतो. सेरेव्हिसीच्या अगदी उलट.

यावरून माझी समजूत अशी झालीय की ‘जुनं चांगलं’ किंवा ‘नवं चांगलं’ असा जीवशास्त्राचा सार्वत्रिक कौल इथे नाही. दोन ध्रुवांत फरक असणं उपयोगी आहे. तो फरक कोणत्या बाजूने वापरायचा, हे ज्या त्या पेशीने ठरवलंय.

---

निशाचर

आणि ‘का’? सुरुवातीला म्हणालात की उत्तर हाती येऊ लागलंय.

---

केतकी_जे

हो, ते राहिलंच. बराच काळ आक्षेप असा होता की वाटणी उलटली तरी पेशी जगते, मग या सगळ्याचा उपयोग काय? २०१९ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल इथल्या फर्नांदो मोन्हे-कासास यांच्या गटाने असा यीस्ट बनवला ज्यात वाटणी कायमची उलटी होते. नवा कळीत, जुना आईत. एका विभाजनात काही बिघडत नाही, पण आयुष्यभराच्या हिशोबात बिघडतं. वार्धक्याशी जोडलेल्या घटकांची वाटणी ढळते आणि आईला होणाऱ्या लेकींची संख्या कमी होते. म्हणजे वर सांगितलेली मॉर्टिमर-जॉन्स्टनची मोजणी आणि ध्रुवाची वाटणी एकमेकांना जोडलेली निघाली.

तुम्ही आता विचाराल की ध्रुव बदलल्याने गुठळ्या कशा सरकतात. त्या जोडणीचा एकेक दुवा उलगडायचं काम चालू आहे. एक विभाजन पाहून हा फरक दिसला नसता. पंचवीस विभाजनं मोजावी लागतात, तीही त्याच आईची. पूर्वी सुईने एकेक कळी बाजूला करत होते, आता सूक्ष्म नळ्यांच्या सापळ्यात आई अडकवून ठेवतात आणि कळ्या प्रवाहात वाहून जातात. तरी काम चिकाटीचंच.

---

मास्तर_नगर

ताई, शेवटची विनंती. आमच्या शाळेत साधा सूक्ष्मदर्शक आहे, ४० पटींची भिंग असलेला. मुलांना यातलं काय दाखवता येईल?

---

केतकी_जे

मास्तर, ध्रुव दिसणार नाही. तो प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाच्या मर्यादेपेक्षा लहान आहे. आम्हीही त्याच्यावरचा चमकता ठिपका पाहतो, प्रत्यक्ष ध्रुव नाही. त्याचे थर पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

पण कळ्या नक्की दिसतील. कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि दुकानातलं चिमूटभर कोरडं यीस्ट घाला, अर्धा-पाऊण तास उबेला ठेवा. वर फेस आला की एक थेंब दहापट पाण्यात पातळ करा, नाहीतर गर्दीत काहीच कळत नाही. काचपट्टीवर थेंब, त्यात मिथिलीन ब्लू अगदी पातळ, वर कव्हरस्लिप. मेलेल्या पेशी निळ्या दिसतील, जिवंत रंगहीन, कारण त्या रंग फोडून टाकतात. जिवंतांपैकी काही पेशींना कळी असेल, कुणाला मोठी, कुणाला मोहरीसारखी इवलीशी. मुलांना शंभर पेशी मोजायला लावा: बिनकळीच्या किती, लहान कळीच्या किती, मोठ्या कळीच्या किती. मोठी कळी दिसली की सांगा, बहुधा याच पेशीत आत्ता तर्कू कळीच्या तोंडाशी आलाय. आणि भिंगाखाली कळी एकाच बाजूला आहे म्हणून आई कोण ते ओळखता येतं, हेही दाखवा. पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच सुरू झाले.

---

मास्तर_नगर

सोमवारी करतो. मोजणीचे आकडे इथे टाकीन.